हरणाबाईच्या कोपीतलं पेन

हरणाबाईला घर बांधायला एक सकाळ पुरायची. ऊन तापायच्या आत बांबूची कमान उभी व्हायची, न्याहारीपर्यंत तिच्यावर उसाच्या वाळल्या पाचटाचे थर चढायचे, आणि दुपारच्या भाकरीसाठी दाराशी चूल पेटलेली असायची. दिवाळी झाली की ऊस तोडायला निघालेली टोळी जिथं बैलगाड्या सोडेल, तिथं सगळ्यांत आधी तिची कोपी उभी राहायची. मग ती कमरेवर हात ठेवून इतरांच्या कोप्या कशा कलल्यात ते सांगत तळावर फिरायची.

"ही काय कोपी म्हनायची? कोंबडी बसल्यावानी बसलीय."

ती बाई मराठवाड्यातल्या वाशीजवळच्या आमच्या गावची. गावात तिचं दगड-मातीचं, माळवदाचं घर होतं. त्या घराला मात्र तिनं कधी हात लावला नाही. पावसाळ्यात माळवद गळू लागलं आणि मुलानं, गोरोबानं, तक्रार केली, की ती म्हणायची, "ते तुज्या बाच्या हातचं हाय. त्यालाच इचार." गोरोबाचा बाप बब्रुवान जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळं माळवद गळतच राहायचं.

कोपी घालायला ती रझाकारांच्या सालात शिकली. तेव्हा आमचं सगळं गाव गुरांढोरांसकट सरहद्दीपलीकडं, बार्शीच्या बाजूला गेलं होतं. तान्ह्या गोरोबाला कडेवर घेऊन तिनं कडब्याची पहिली कोपी घातली. पहिल्याच वाऱ्यात ती बसली. आत सासू होती. त्या दिवसांबद्दल गावातली माणसं बोलायला लागली की आवाज खाली आणतात. हरणाबाई मात्र कडब्यातून सासूचं फक्त डोकं कसं बाहेर आलं आणि त्या डोक्यानं आपल्याला कायकाय शिव्या दिल्या, हे पदर तोंडाला लावून सांगायची. त्यानंतर तिची एकही कोपी पडली नाही.

पुढं मराठवाडा महाराष्ट्रात आला, आणि काही वर्षांनी आपल्याच जिल्ह्यात, एका उघड्या माळावर, साखर कारखाना उभा राहिला. आता ऊस तोडायला लांबच्या मुलखात जायला नको म्हणून टोळी खूश होती. दुसऱ्या हंगामाला गाड्या पोचल्या तेव्हा माळावर एक नवीनच गोष्ट दिसली. भिंती विटांच्या, वर पत्रा, प्रत्येक दारावर डांबरानं काढलेला आकडा. खोल्यांची लांबच लांब रांग उन्हात चकाकत उभी होती.

त्याला कारण होतं. आदल्या साली दुसरीकडं कुठंतरी तोडणीवाल्यांच्या कोप्यांची एक आख्खी रांग जळाली होती. त्यानंतर सरकारचा नियम आला. मजुरांना पाचटाच्या झोपडीत ठेवायचं नाही. पक्की भिंत, पक्कं छप्पर, खिडकी पाहिजे. चूल बाहेर आणि जनावरं लांब.

हा नियम अंमलात आणायचं काम विष्णुपंतांकडं होतं. पंत मूळचे तुळजापूरचे, पुजाऱ्यांच्या घरातले. देवळातली पाळी धाकट्या भावाला देऊन ते कारखान्याच्या नोकरीत आले होते. माणूस सज्जन, थोडा भित्रा, आणि त्या खोल्यांवर त्यांचा मुलासारखा जीव. खिडक्यांसाठी ते कंत्राटदाराशी भांडले होते. आयुष्यात ते एवढं एकदाच भांडले, असं त्यांच्या घरचे सांगत.

हरणाबाईला त्यांनी पहिली खोली दिली. ती आत गेली, एक फेरी मारून बाहेर आली.

"कशी आहे?" पंतांनी विचारलं.

"चांगली हाय. कोन ऱ्हानार हितं?"

"तुम्ही! तुमच्यासाठीच बांधलीय, हरणाबाई."

तिनं वर बघितलं. "पत्रा हाय. दुपारी वर चढून त्याच्यावरच भाकरी टाकाव्या, सरपन वाचंल. आन् ह्ये भोक कशाला?"

"ती खिडकी आहे. हवेसाठी."

"आदी हवेला भोक पाडायचं, मग थंडीत चिंध्या कोंबून बुजवायचं. कोपीत हवा आपल्या मर्जीनं येती बगा."

पंत दुखावले. ते बघून तिला वाईट वाटलं असावं, कारण तिनं निमूटपणे किल्ली घेतली. दोन रात्री ती, गोरोबा आणि पोटुशी सून तारामती त्या खोलीत झोपलीही. तिसऱ्या दिवशी तिनं समोरच्या मोकळ्या जागेच्या पार दुसऱ्या टोकाला बांबू रोवले.

पौष लागला. माळावर वारा असा सुटला की पहाटे बैलांच्या पाठीवर दव गोठल्यागत दिसायचं. गोरोबाच्या जोडीतला माणक्या नावाचा बैल खोकू लागला. हा माणक्या अंगानं थोराड, शिंगं दोन्ही बाजूंना लांब गेलेली, आणि स्वभावानं घरजावयासारखा. जिथं एकदा बरं वाटलं तिथून उठायचं नाव नाही. बैल आजारी पडला तर गाडी बसते, आणि गाडी बसली की टोळीतलं ते घर गावाकडं परततं. हरणाबाईनं माणक्याकडं बघितलं, मग पहिल्या क्रमांकाच्या खोलीकडं बघितलं. रिकामीच तर होती. पक्की भिंत, वारा नाही, खाली कोरडी जमीन.

दार अरुंद होतं. पहिल्या दिवशी माणक्याची शिंगं चौकटीला अडली. दुसऱ्या दिवशी त्यानं मान तिरकी केली, आधी डावं शिंग आत घातलं, मग उजवं, आणि आत जाऊन बसला. त्याचा जोडीदार त्याच्या मागोमाग. आठवडाभरात खोकला गेला.

मग काय, सगळ्या टोळीनं तेच केलं. बघता बघता खोल्यांसमोर कोप्यांची रांग उभी राहिली आणि खोल्यांमध्ये बैल राहू लागले. संध्याकाळी पंत तिकडून चालले की आकडे घातलेल्या खोल्यांच्या खिडक्यांतून बैलांची तोंडं बाहेर आलेली दिसत. अगदी हवेसाठीच.

पंतांनी वर कळवलं की सगळ्या खोल्या भरल्या. त्यात खोटं असं काही नव्हतं.

अशातच तारामती बाळंत झाली. उसाच्या फडातून येऊन भाकरी थापता थापता कळा सुरू झाल्या, आणि शेजारच्या कोपीतल्या प्रेमाबाईनं सुइणीचं काम केलं. मुलगी झाली. नाळ कोपीच्याच कोपऱ्यात, मोरीच्या दगडाशी पुरली. हरणाबाईनं उशाशी ऊस तोडायचा कोयता ठेवला, दाराला लिंबाचा डहाळा बांधला आणि आत शेगडी पेटवली.

आता पाचवीची वाट बघायची. पाचव्या रात्री सटवाई येते आणि मुलाच्या कपाळावर त्याचा जन्माचा लेख लिहिते. त्यासाठी पाटा-वरवंटा पूजून ठेवायचा, दिवा जागता ठेवायचा, आणि तिच्यापुढं कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. आणि हरणाबाईच्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, नाळ जिथं पुरली तिथंच बाळ पाहिजे. सटवाई नाळेच्या मागानं येते. तिथं बाळ सापडलं नाही तर ती परत जाते, आणि पोर जन्मभर कोऱ्या कपाळानं फिरतं.

गावात पाचवीला शाळेच्या मास्तरांकडून लेखणी आणायची रीत होती. इथं माळावर लिहिणारा माणूस एकच. पाचव्या दिवशी सकाळी हरणाबाई पंतांसमोर जाऊन उभी राहिली.

"पंत, तुमचं पेन पायजे. आज रातीपुरतं."

पंतांच्या खिशाला हिरव्या टोपणाचं, शाईचं पेन असायचं. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं. ते त्यांनी कधी कुणाला दिलं नव्हतं. पण तुळजापूरचा माणूस देवीच्या कामाला नाही कसं म्हणणार? त्यांनी पेन काढलं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि दिलं.

"जरा गळतं ते. उभं ठेवा."

"सटवाईला सांगते," हरणाबाई म्हणाली.

ती पाठमोरी होते न होते तोच कचेरीचा शिपाई धावत आला. औरंगाबादेहून कामगार खात्याचे साहेब निघालेत. दुपारच्या मोटारीनं पोचतील. तळ बघणार.

पंत तसेच हरणाबाईच्या मागं पळाले.

"हरणाबाई, बैल बाहेर काढा! खोल्या धुवा! माणसं आत घाला! आणि त्या कोप्या पाडा, आत्ताच्या आत्ता!"

"बैल काढते. खोल्या धुते. मानसं बी घालते." तिनं पेन पदरात गुंडाळलं. "बाकीच्यांच्या कोप्यांचं त्ये बगतील. माजी आज पडनार न्हाय."

"अहो, साहेबानं बघितलं तर माझी नोकरी जाईल."

"आन् सटवाई माघारी गेली तर माज्या नातीचं कपाळ जाईल. नोकरी दुसरी मिळती, पंत."

पंत डोक्याला हात लावून दगडावर बसले. त्यांना आत जाऊन सुनेला समजावताही येईना, सोयर होतं. शेवटी प्रेमाबाईनं युक्ती काढली. कोप्या पाडायच्याच कशाला? दारं पाचटानं बंद करायची, वर उसाच्या वाढ्यांच्या, म्हणजे हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या टाकायच्या. वैरणीच्या गंजी आहेत म्हणायचं. बैलांच्या तळावर वैरण असणारच.

तळ कामाला लागला. दुपारपर्यंत खोल्यांसमोर कोपी अशी एकही राहिली नाही, नुसत्या गंजी. शेवटच्या गंजीच्या पोटात तारामती लेकराला पाजत बसली होती. तिला हवा यायला मागच्या बाजूनं एक भोक ठेवलं होतं. हरणाबाईनं ते स्वतः पाडलं आणि पंतांकडं बघितलं नाही.

साहेब उतरले. उंच, वाळका माणूस, खिशात मोजायची टेप. कपाळावर आठी नव्हती आणि हसूही नव्हतं. त्यांनी पहिल्याच खोलीकडं पाय वळवले. आत घोंगडी अंथरलेली, खुंटीला आरसा, कोपऱ्यात तांब्या. मध्ये एका बाजेवर साहेब टेकले. समोर गोरोबा हात जोडून, आणि हरणाबाई डोक्यावरून पदर घेऊन, इतकी गरीब दिसत होती की गोरोबानं आईला असं कधी बघितलं नव्हतं.

"इथंच राहता तुम्ही?"

"व्हय जी. दिवाळीपास्नं."

साहेबांनी श्वास घेतला. "वास कसला येतो?"

"सकाळीच सारवलंय," हरणाबाई म्हणाली.

"थंडी वाजते का?"

"लई," ती म्हणाली. हे तिनं एकच खरं सांगितलं.

"जागा पुरते दोघांना?"

"पुरती की. मदी एक खुटा ठोकला की भांडत न्हाईत."

साहेबांनी मान वर केली. पंतांना खोकला आला. "म्हणजे साहेब, गोरोबा आणि त्याची... म्हणजे हे खेड्यातले लोक बोलताना..."

पंतांचं वाक्य पुरं झालं नाही, कारण दारात अंधार पडला. माणक्या आला होता. त्याला तळाच्या पार मागं बाभळीला बांधलं होतं. दावं तोडून तो आपल्या घरी आला. दारात थांबला, मान तिरकी केली, डावं शिंग आत घातलं, मग उजवं, चौकटीला कुठं घासू दिलं नाही, आणि थेट आपल्या जागेवर गेला. ती जागा बाजेच्या जागीच होती. साहेब बाजेवर उभे राहिले. खिशातून टेप पडली, पेन पडलं. माणक्यानं दोन्ही हुंगलं, नाक फुरफुरवलं, आणि पेनावर पाय ठेवून पुढचे गुडघे मोडून बसला.

खोलीत थोडा वेळ नुसतं रवंथ ऐकू येत होतं.

"हा बैल," साहेब बाजेवरूनच सावकाश म्हणाले, "पहिल्यांदा आलेला दिसत नाही."

"त्यो जरा आगाऊच हाय," हरणाबाई म्हणाली.

साहेब बाजेच्या दुसऱ्या अंगानं उतरून बाहेर आले. आता ते सगळं नव्या नजरेनं बघत होते. खिडकीच्या चौकटीवरची लाळ, उंबऱ्यावरचे खूर, आणि खोल्यांसमोर एका ओळीत, सारख्या उंचीच्या, सारख्या अंतरावरच्या वैरणीच्या गंजी. त्यांची नजर शेवटच्या गंजीवर गेली आणि तिथंच खिळली. गंजीतून धूर येत होता.

"आग!" साहेब ओरडले.

त्यांच्यात एवढा आवाज असेल असं वाटलं नव्हतं. टोपी पडली, ती न उचलता ते पळाले. वाटेत कुणाची तरी पाण्याची घागर होती, ती त्यांनी उचलली. मागून पंत "साहेब, नको! साहेब, नको!" करत, त्यांच्या मागं हरणाबाई, तिच्या मागं आख्खा तळ. साहेबांनी घागर गंजीवर रिकामी केली. गंजीच्या आतून एक बाई किंचाळली आणि पाठोपाठ एक तान्हं लेकरू टाहो फोडून रडायला लागलं.

साहेब रिकामी घागर हातात धरून उभे राहिले.

हरणाबाईनं पाचट बाजूला सारलं. "बाळंतिनीची शेगडी हाय, साहेब. आग न्हाय."

"गेल्या साली," साहेब म्हणाले, आणि थांबले. मग पुन्हा म्हणाले, "गेल्या साली ती जळालेली रांग बघायला मी गेलो होतो, बाई. पंचनाम्याला."

साहेबांच्या हातातली घागर हरणाबाईनं हळूच काढून घेतली. आत तारामती भिजल्या लुगड्यानं लेकराला थापटत होती.

थोड्या वेळानं साहेबांचा आवाज पुन्हा सरकारी झाला. "या सगळ्या कोप्या आत्ता माझ्यासमोर निघतील. ही सगळ्यात आधी. विष्णुपंत, हुकूम लिहून घ्या."

"हो साहेब," पंतांचा हात खिशाकडं गेला आणि तिथंच राहिला.

"काय झालं?"

"पेन नाही, साहेब."

साहेबांनी आपला खिसा चाचपला. त्यांचं पेन माणक्याखाली होतं. "कुठं आहे तुमचं?"

"ते आत आहे. कोपीत." पंतांनी गंजीकडं बोट केलं. "पाट्यावर. पूजेला ठेवलंय."

"मग आणा की."

"मला जाता येत नाही साहेब, सोयर आहे. आणि... आज ते लागणार आहे."

"कुणाला लागणार आहे?"

पंतांनी हरणाबाईकडं बघितलं. हरणाबाई पुढं झाली. "सटवाईला. आज पाचवी हाय. नाळ हितंच पुरलीय. तिचं लिवून झालं की तुमी लिवा, साहेब. तुमचा हुकूम उद्याबी लिवता यील. तिला उद्या येता येत न्हाय."

बायका पदराआडून बघत होत्या. कुणी हसलं नाही.

"उद्या सकाळी," साहेब शेवटी म्हणाले. "एका रात्रीपुरती. पण ती शेगडी आत राहणार नाही. दाराबाहेर, दगडांवर. आणि रात्रभर पाण्याची बादली घेऊन कुणीतरी इथं बसेल." त्यांनी वळून बघितलं. "विष्णुपंत, तुम्ही."

"मी?" पंत म्हणाले.

"आन् तुमी साहेब?" हरणाबाईला आता हुरूप आला होता. "मोटार तर गेली. कारखान्याच्या बंगल्यावर कशाला जाता? तुमच्याच खोलीत एक रात झोपा की. मोजायला आलता, आता निजून बी बगा."

तळावर हसू पसरलं. साहेबांचे कान लाल झाले. "झोपतो," ते म्हणाले. "का नाही झोपणार? नियमानं बांधलेली खोली आहे."

गोरोबानं माणक्याला ओढून बाहेर काढलं, बाज पुन्हा जागेवर लावली आणि वर घोंगडी टाकली. हरणाबाईनं भाकरी आणि ठेचा पाठवला. माळावर संध्याकाळचा वारा सुटला.

रात्री सटवाई केव्हा आली ते कुणी बघितलं नाही. पंत दाराबाहेर बादली मांडीशी धरून, कानाला मफलर बांधून बसले होते. पहाटे त्यांचा डोळा लागला होता आणि एक हात बादलीत होता, असं प्रेमाबाई सांगते. पंत हे मान्य करत नाहीत.

सकाळी गोरोबा चहा घेऊन पहिल्या खोलीकडं गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. त्यानं ते उघडलं आणि उलट्या पावली परत येऊन आईला बोलावलं. मग सगळेच बघायला गेले. माणक्या आपल्या जागेवर बसला होता. बाज भिंतीला लागली होती. आणि साहेब घोंगडी पांघरून, खाली पाचटावर, माणक्याच्या पाठीला पाठ लावून गाढ झोपले होते. खिडकीत त्यांची सरकारी टोपी कोंबलेली होती.

"उटवू नगा," हरणाबाई हळू आवाजात म्हणाली. "पौसाची थंडी हाय. माज्या बैलाची ऊब लई."

साहेब उठून आले तेव्हा नाक शिंकरत होते. आल्या आल्या त्यांनी पेन मागितलं. हरणाबाई आत गेली आणि पेनाबरोबर कागदही घेऊन आली. कागद कोरा नव्हता. त्याच्या मधोमध निळ्या शाईचा एक मोठा ठिपका पडला होता आणि त्याचे चार-पाच ओघळ बाजूंना गेले होते.

"लिवलंय," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. आजवर गावात इतक्या पाचव्या झाल्या, कागद नेहमी कोराच राहायचा.

"मी म्हटलं होतं, उभं ठेवा," पंत पुटपुटले. पण अगदी हळू.

कागद हातोहात फिरला. गोरोबाला त्यात कोयता दिसला. आतून तारामती म्हणाली, "आत्याबाई, शिंगं हायती की ती." प्रेमाबाईला पाळणा दिसला. हरणाबाईनं कागद उलटासुलटा करून ठरवलं की हे घर आहे. हे दार, ही वर गेलेली भिंत.

"साहेब, तुमी शिकलेले. काय लिवलंय सांगा."

साहेबांनी कागद घेतला. बराच वेळ बघितला. "हे अक्षर माझ्या खात्याचं नाही, बाई," ते म्हणाले, आणि घडी घालून परत दिला.

मग ते दगडावर बसले आणि त्याच पेनानं त्यांनी हुकूम लिहिला. पाचटाच्या कोप्या निघाल्याच पाहिजेत; माणसांनी खोल्यांत राहावं. बैलांसाठी कारखान्यानं खोल्यांच्या समोरच, नजरेच्या टप्प्यात, आडोशाचा गोठा बांधावा. बाळंतिणीची कोपी बारशापर्यंत राहील, शेगडी बाहेर ठेवून. लिहिता लिहिता ते थांबले.

"आणखी काही?" त्यांनी विचारलं. पंतांना वाटलं आपल्याला विचारलं. पण ते हरणाबाईकडं बघत होते.

तिनं खूप वेळ विचार केला. इतका वेळ तिला कधी लागत नसे. "कोपीत वर बांबू असतोय," ती म्हणाली. "त्याला झोळी बांदता येती. तुमच्या खोलीत वर काय न्हाय. लेकरू कुटं टांगायचं?"

साहेबांनी लिहिलं. प्रत्येक खोलीत, छताच्या आडव्या लोखंडाला, पाळण्यासाठी एक कडी.

बारशापर्यंत कड्या बसल्या, कारण पंत या वेळी लोहाराशी भांडले. गोठा बांधायला जरा उशीर लागला, तोवर माणक्या रोज संध्याकाळी पहिल्या खोलीच्या दारात येऊन मान तिरकी करून उभा राहायचा, आणि हरणाबाई त्याला आतून शिव्या द्यायची. तिला स्वतःलाही ती खोली आवडली असं नाही. दुपारी ती पत्र्याच्या नावानं बोटं मोडायची. पण बारशाच्या सकाळी तिनं आपल्या हातानं आपली कोपी सोडवली. बांबू एकीकडं, पाचट एकीकडं. नाळेच्या जागेवर एक दगड ठेवला, त्याला हळद-कुंकू लावलं.

नाव ठेवायची वेळ आली तेव्हा पंत दाराबाहेरून म्हणाले, "शारदा ठेवा. पेनाची शपथ आहे." सोयर फिटलं होतं, पण त्यांना अजून आत यायची सवय झाली नव्हती.

बायका खोलीत जमल्या. प्रेमाबाईनं झोळी कडीला बांधली आणि तारामती लेकरू घेऊन पुढं आली.

"थांब," हरणाबाई म्हणाली. ती पुढं झाली, दोन्ही हातांनी झोळी धरली आणि पाय वर घेऊन क्षणभर तिनं आपलं सगळं अंग कडीवर सोडलं. पत्रा कुरकुरला. बायका ओरडल्या. कडी जागची हलली नाही.

ती खाली उतरली, पदर सारखा केला आणि नातीला उचलून झोळीत ठेवलं.

"कडी पक्की हाय," ती म्हणाली. "बाकीचं बगू."